सहा रकाने

एडिनबरा, ९ जानेवारी १८५१

प्रिय ग्रिझेल,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. भाकरी तव्यावर असेल तर आधी उतरव आणि बस. तुझ्या भावाच्या हाती काहीतरी लागलं आहे, आणि ते तुझ्याच नोंदवहीत लागलं आहे.

१८४७ चा जून काढ. चौदा, पंधरा, सोळा. आकाश स्वच्छ, पंधराच्या सकाळी तेवढं धुकं, वारा पडलेला, सोळाला पूर्वेची झुळूक, असं तूच शेजारी लिहिलं आहेस. आणि बॅरोमीटरच्या नळीतला पारा? चौदाच्या सकाळी तीस इंच, सोळाच्या दुपारी तीनला एकोणतीस इंच आणि वर जेमतेम दोन दशांश. सतराला पुन्हा जिथल्या तिथे. वादळ नाही, पाऊस नाही आणि पारा एवढा घसरतो, हे आजवर कुणी लिहिलेलं नाही. मी याला 'कोरडी लाट' म्हणतो आहे. आइसलँडच्या एका डॉक्टरांच्या वहीत त्याच तीन दिवसांत मला बारीकसा उतार दिसला. दक्षिणेकडच्या तिघांच्या वह्यांत काहीच नाही, पण त्यांच्या नळ्यांत हवा शिरलेली असणार. ते लोक नळी पुसतही नाहीत.

सहा मार्चला मी हा निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत वाचणार आहे. विद्यापीठातली प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आहे आणि निवड करणारे सगळे त्या दिवशी समोर बसलेले असतील. यापेक्षा जास्त काही लिहीत नाही, दृष्ट लागेल.

माझ्याकडे तू दर महिन्याला पाठवतेस त्या नकला आहेत. मूळ वही पाठव. काल मी तुझ्या वहिनीला, हेन्रिएटाला म्हणालो, बाबा गेल्यापासून बारा वर्षं, दिवसातून दोनदा, एक दिवस न चुकता! माझी बहीण म्हणजे त्या नळीचाच एक भाग आहे. ती म्हणाली, हे तिला कळवू नका. मी कळवतो आहे, कारण यापेक्षा मोठी शाबासकी मला माहीत नाही.

डिसेंबरचे आकडे अजून आले नाहीत. पारा कसा आहे?

तुझा,
गिल्बर्ट


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी, २१ जानेवारी १८५१

प्रिय गिबी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. भाकरी करपली.

डिसेंबरचे आकडे सोबत आहेत. गाय आजारी होती, आता बरी आहे. आईच्या थडग्यावरचा दगड वाऱ्याने कलला होता तो सरळ करून घेतला. शेजारच्या बार्बराने मला नाताळात जेवायला बोलावलं होतं, पण तिच्या घरून तीनच्या आकड्यासाठी परत यायचं म्हणजे ताटावरून उठावं लागलं असतं, म्हणून गेले नाही. इथे सगळं ठीक आहे. दिवस फार लहान आहेत आणि घर फार मोठं झालं आहे.

त्या जूनबद्दल. तो आठवडा तू सोडून द्यावास असं मला वाटतं. खिडकीचं लाकूड कुजलं होतं आणि ते बदलताना नळी हलवली होती, असं आठवतं. हलवल्यावर पारा दोनतीन दिवस खरं बोलत नाही हे तूच मला शिकवलं आहेस. बाकी बारा वर्षं पडली आहेत की तुझ्यापुढे. त्यांतून दुसरं काहीतरी काढ. तुझ्यासारख्या हुशार माणसाला ते जड नाही.

वही जड आहे आणि समुद्र खवळलेला आहे. उन्हाळ्यात पाठवते.

हेन्रिएटाला सांग, मला राग आलेला नाही.

तुझी,
ग्रिझेल


एडिनबरा, १ फेब्रुवारी १८५१

ग्रिझेल,

खिडकीचं लाकूड! वा! चार वर्षांनी आठवलं तुला? नळी हलवली तर तारीख टाकून समासात लिहायचं, हा बाबांचा नियम. माझ्याकडच्या नकलेत समास कोराकरकरीत आहे. १८४३ मध्ये मांजराने नळीला शेपटी लावली तेही तू लिहिलं आहेस, मांजराच्या नावासकट. आणि अख्खी खिडकी काढली तेव्हा विसरलीस? दुसऱ्या कुणाला सांग.

मला काय वाटतं ते सांगतो. तू घाबरली आहेस. माझं नाव झालं तर लोक तुझ्या आकड्यांकडे भिंग घेऊन बघतील, आणि शिवणटिपण करणाऱ्या बाईचं काम म्हणून नाकं मुरडतील, ही तुला भीती. अगं, मी आहे ना. तुझ्या एकेका आकड्यासाठी मी सभेत उभा राहीन.

निबंध लिहून झाला आहे. वही उन्हाळ्यात नको, या टपालाने हवी. नाहीतर त्या तीन दिवसांत नेमकं काय झालं ते स्पष्ट लिही.

गिल्बर्ट

ता. क. पारा?


स्ट्रॉमनेस, १२ फेब्रुवारी १८५१

प्रिय गिबी,

खिडकीचं लाकूड बदललेलं नव्हतं. नळी बाबांनी टांगली तिथेच आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

चौदा, पंधरा आणि सोळा जूनला मी घरात नव्हते. पाऱ्याचे ते सहाही आकडे माझ्या मनचे आहेत. आकाश आणि वारा खरा आहे, तो मी पाहिला होता, पण दुसऱ्या किनाऱ्यावरून.

वही याच टपालाने पाठवली आहे. आता हवं तर हे पत्र खाली ठेव. पण नंतर का होईना, पुढचं वाच, कारण हे मी दुसऱ्यांदा लिहू शकणार नाही.

अँड्रू लाउटिट आठवतो का? होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या लाउटिटचा पुतण्या. तू त्याला 'रंधा' म्हणून चिडवायचास, कारण तो बोलायला लागला की थांबायचा नाही. माझ्याशी मात्र तो फार बोलायचा नाही. त्याने मला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी आईचं आजारपण पुढे केलं होतं. त्या जूनमध्ये तो लीथहून कॅनडाच्या जहाजावर चढला. जहाज पलीकडच्या बेटावर लाँगहोपच्या खाडीत येऊन वाऱ्यासाठी थांबलं, तिथून त्याने निरोप धाडला. पूर्वेचा वारा सुटेपर्यंत इथे आहे, मावशीच्या घरी उतरलो आहे, जहाजावर तुझं सामान मावेल एवढी जागा आहे.

मी आईला सांगितलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती. तिला वाटेल मी परवानगी मागते आहे, आणि ती रडेल, आणि मग मला राहावं लागेल, असा माझा हिशेब होता. ती म्हणाली, "जा की. बार्बरा आहे मला बघायला. मी काही ती तुझी काचेची नळी नाही, सकाळ-दुपार डोळा लावून बसायला."

"आणि नळी?" मी विचारलं.

"नळीला म्हणावं, ग्रिझेल लग्नाला गेली."

मी गेले. तीन दिवस अँड्रूच्या मावशीकडे राहिले. तुला माहीत आहे, आपल्याकडे दोन साक्षीदारांपुढे 'हो' म्हटलं की लग्न झालं. मावशी होती, तिचा नवरा होता. एका शब्दाचं काम होतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या. वारा पडलेला होता, त्यामुळे उद्या म्हणता येत होतं.

त्या घरात एक भिंतीवरचं घड्याळ होतं. नऊचे टोले पडले की मी बोलता बोलता थांबायचे. पहिल्यांदा माझ्या लक्षातही आलं नाही, अँड्रूच्या आलं.

"श्वास का रोखलास?" तो म्हणाला.

"नऊ वाजले."

"इथे नळी नाहीये, ग्रिझेल."

"माहीत आहे मला."

तूच शिकवलंस ते मला, श्वास लागला की पाऱ्याला ऊब लागते आणि आकडा चुकतो. तेव्हा आठ वर्षं झाली होती, आता बारा. अजूनही नऊला आणि तीनला मी श्वास रोखते, चर्चमध्ये असले तरी.

सोळाला सकाळी पूर्वेची झुळूक सुटली. खलाशी धावपळ करायला लागले. अँड्रू खाडीवरून वर आला, टोपी हातात होती. "आता उद्या नाही," तो म्हणाला. "बोल."

मी म्हणाले, "गिबीच्या वहीचं काय?"

तो हसला नाही. "वहीशी लग्न लागलंय का तुझं?"

"तसं समज."

"मी काहीही समजेन गं. तू काय समजतेस ते सांग."

मी माझ्या टोपीची फीत सोडून पुन्हा बांधली. तो टोपी डोक्यावर चढवून उतारावरून गेला. गिबी, तुझं ओझं वाढवायला हे लिहीत नाही. वही हे निमित्त होतं, आईही निमित्त होती. मला भीती वाटली. कशाची ते अजूनही सांगता येत नाही. चाळीस वर्षं एका खिडकीतून बघायची सवय असलेल्या बाईला दुसरी खिडकी नको वाटते, एवढंच असेल कदाचित.

दुपारी तीनच्या सुमाराला जहाज खाडीबाहेर पडताना मी पाहिलं. मग मी होडी पकडून घरी आले. आईने विचारलं, "पोचवून आलीस?" मी हो म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि त्यानंतर तिने तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

वहीत सहा रकाने रिकामे होते. चुकलं तर रिकामं सोडायचं, अंदाजाने भरायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. मी सोडणारच होते. मग मनात आलं, महिनाअखेरीस तू लिहिशील, तीन दिवस कुठे होतीस? आणि मला उत्तर द्यावं लागेल. रिकामा रकाना लगेच डोळ्यांत भरतो. भरलेल्याकडे कुणी बघत नाही.

आणि इथे माझं चुकलं. अशा हवेत पारा जागचा हलत नाही हे मला तुझ्याइतकंच कळतं. तीस, तीस, तीस असं लिहून मोकळी झाले असते तर तुझं लक्षही गेलं नसतं. पण टाक खाली खाली गेला. जहाज खाडीबाहेर पडलं त्या घटकेला पारा वर होता हे मला पटेना. तो पडलाच असणार असं मला वाटलं, आणि मी पडलेला लिहिला. रोज थोडा आणि तिसऱ्या दिवशी जास्त. लिहिताना मला बरंही वाटलं. तुझी कोरडी लाट म्हणजे एवढंच आहे.

अँड्रूचं एक पत्र आलं होतं, दोन वर्षांनी. तिकडे त्याने लग्न केलं. बायको चांगली असावी, तिने मला आठवणीने शुभेच्छा कळवल्या आहेत.

निबंध वाचू नकोस, गिबी. तुझी जागा माझ्यामुळे जाईल हे मला कळतं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तो वाचू नकोस.

ग्रिझेल


एडिनबरा, ८ मार्च १८५१

प्रिय ग्रिझेल,

आपण दोनदाच भेटलो आहोत, त्यामुळे मी गोड बोलले तर तुम्हाला ते खोटं वाटेल. म्हणून सरळ लिहिते. वादळामुळे तुमची बोट अडकली आणि तुमचं पत्र सहा तारखेला दुपारी बारा वाजता आमच्या दारात आलं. सभा चारला होती.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि म्हणाले, "शेगडीत टाका. वही मी माळ्यावर ठेवते. कुणाला कळणार आहे?" हो, मी म्हणाले. पाच वर्षं मी या माणसाला दुसऱ्यांच्या वर्गांत उसनवार शिकवताना पाहते आहे. ती जागा मला त्यांच्याइतकीच हवी होती.

ते म्हणाले, "हेन्रिएटा, नळीला कळेल." आणि कोट घालून गेले.

पुढचं मला आमच्या शेजाऱ्यांकडून समजलं, ते सभेत होते. तुमचे भाऊ उभे राहिले आणि म्हणाले की निबंध मागे घेतो आहे, कारण ज्या सहा आकड्यांवर तो उभा आहे ते घेतलेलेच नाहीत. ते म्हणाले, चूक निरीक्षकाची नाही, माझी आहे. ज्या वह्यांत लाट नव्हती त्यांच्या नळ्या मी खराब ठरवल्या. ज्या माणसाच्या भरवशावर मी हे सगळं बांधलं, त्याला मी आठ वर्षांत एक दिवसाची सुट्टी दिली नव्हती, आणि त्यानंतरही दिलेली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे लाट बहिणीच्या स्वयंपाकघरात उठली म्हणायची!" लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं की बाई त्या तीन दिवसांत कुठे होत्या. ते म्हणाले, "तो निरीक्षणाचा विषय नाही," आणि खाली बसले.

जागा दुसऱ्याला मिळाली. घरी आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. टेबलावर तुमची मूळ वही उघडून, देशभरातल्या वह्या शेजारी ठेवून, पहिल्या पानापासून तुमची बारा वर्षं तपासत बसले आहेत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण त्यांनी पत्र जाळलं असतं तर त्यांनाही केलं नसतं, असं आता वाटतं.

हेन्रिएटा इस्बिस्टर


स्ट्रॉमनेस, २ एप्रिल १८५१

प्रिय गिबी,

मार्चचे आकडे सोबत आहेत. सगळे पाहिलेले आहेत.

ग्रिझेल


स्ट्रॉमनेस, १ मे १८५१

प्रिय गिबी,

एप्रिलचे आकडे सोबत आहेत. सगळे पाहिलेले आहेत.

तू नवी वही पाठवली नाहीस, म्हणून मी आईच्या जुन्या स्तोत्रांच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर रेघा मारून घेतल्या आहेत. आकडे तुला नको असतील तर तसं कळव. टपालवाला आला की मी अंगणात जाते, म्हणजे तो दारावरून पुढे गेला तर मला घरात बसून ऐकू येणार नाही. बार्बरा म्हणते, भावाशी भांडण झालंय का? मी म्हणाले, भांडायला दोघं लागतात.

तुझा पारा विचारणारा ता. क. तरी पाठव.

ग्रिझेल


एडिनबरा, ४ जून १८५१

प्रिय ग्रिझेल,

वही तपासून झाली. बारा वर्षांत आठ हजार सातशे सहासष्ट आकडे आहेत. मी प्रत्येक आकडा आजूबाजूच्या ठिकाणांशी ताडून पाहिला. आठ हजार सातशे साठ खरे आहेत. मी ते करताना तुझ्यावर सूड उगवत होतो, हे तुला कळलंच असेल. दुसरी चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. सापडली नाही.

त्या सहा रकान्यांत मी एकेक बारीक रेघ मारली आहे. आकडे चाकूने खरवडले नाहीत, ते खालून वाचता येतात. वही परत पाठवतो आहे.

मग मी तुझी पत्रं काढली, आणि हेन्रिएटाने मला लावून ठेवलेल्या माझ्या पत्रांच्या नकला काढल्या. प्रत्येक पत्रात मी पारा विचारला आहे. तू कशी आहेस हे एकाही पत्रात विचारलेलं नाही. आई गेली तेव्हाच्या पत्रातही, दोन ओळी रडून, तिसऱ्या ओळीत मी नोव्हेंबरचे आकडे मागितले आहेत. ते वाचून मला घरातून बाहेर जाऊन चालून यावं लागलं.

हे कसं विचारायचं ते मला जमत नाही, म्हणून मला येतं तसं विचारतो. त्या तीन दिवसांची हवा मला पाठव. नळीशिवाय, डोळ्यांनी पाहिलेली. ती कुठल्याही निबंधात जाणार नाही.

तुझा,
गिबी


लाँगहोप, १६ जून १८५१

प्रिय गिबी,

पत्राच्या वरचं गाव बघितलंस? चुकून लिहिलेलं नाही. चौदाला सकाळी मी होडीने इथे आले. अँड्रूची मावशी अजून आहे, कानाने कमी ऐकते. मला बघून म्हणाली, "उशीर केलास गं." मग आम्ही दोघी हसलो आणि मग मी रडले, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या कोंबड्यांदेखत.

तू मागितलेली हवा देते. चौदा जून १८४७. आकाश इतकं स्वच्छ होतं की पलीकडच्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची घरं मोजता येत होती. आम्ही मोजली. एकवीस झाली, अँड्रू म्हणाला बावीस. पंधराला सकाळी धुकं होतं आणि खाडीतलं जहाज नुसतं ऐकू येत होतं. दुपारी ऊन पडलं, त्याने कोट माझ्या खाली अंथरला, जमीन ओली होती. सोळाला पूर्वेची झुळूक, अगदी हलकी, माझ्या टोपीची फीतही नीट हलेना. एवढ्या वाऱ्यावर जहाज निघणार नाही असं मला वाटलं होतं. निघालं. तीन वाजता ते त्या टेकडीआड गेलं आणि ऊन तसंच राहिलं. पारा वर असणार, गिबी. तो पूर्ण वेळ वरच असणार. मला ते आत्ता, इथे बसून, पटलं.

आजही तसंच आहे. मावशीच्या घड्याळात नऊचे टोले पडले तेव्हा मी तिच्यासाठी भाकरी भाजत होते. श्वास चालू होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

घरी नळीपाशी कुणी नाही. बार्बराने विचारलं होतं, मी बघू का? मी नको म्हणाले. वहीत सहा रकाने रिकामे राहतील आणि मी ते तसेच पाठवणार आहे. महिनाअखेरीस ते बघ आणि मला विचार, तीन दिवस कुठे होतीस म्हणून. मला सांगायचं आहे.

तुझी,
ग्रिझेल